हेड्स-अप पोकर : डावपेच आणि चुका

हेड्स-अप पोकर : केवळ दोन खेळाडूंमध्ये खेळला जाणारा पोकरचा प्रकार. तो स्वतंत्र सामना म्हणून खेळतात; शिवाय कोणत्याही बाद पद्धतीच्या पोकर स्पर्धेत अखेरीस दोनच खेळाडू उरत असल्याने तिचा निकालही याच स्वरूपात लागतो. तीन पत्तीतही बाकीचे पॅक झाले, की दोघांची झुंज उरते. परंतु हेड्स-अपमध्ये ती पहिल्या पानापासून सुरू होते आणि आड लपायला तिसरा भिडू नसतो. ‘नो-लिमिट टेक्सस होल्डेम’ (पैजेवर मर्यादा नसलेला होल्डेम) हा याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार असून प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे.

मांडणी : प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात. नंतर मध्ये तीन (फ्लॉप), एक (टर्न) आणि एक (रिव्हर) अशी पाच सामाईक पाने उघडली जातात. दोघांपैकी एक बटनावर (पाने वाटणाऱ्याच्या जागी) असतो आणि स्मॉल ब्लाइंड ही सक्तीची आगाऊ रक्कम भरतो. दुसरा त्याच्या दुप्पट बिग ब्लाइंड भरतो. दर डावाला बटन बदलते. फ्लॉपपूर्वी बटनवाला आधी बोलतो, फ्लॉप, टर्न आणि रिव्हरनंतरच्या पैजेच्या फेऱ्यांत मात्र शेवटी. समोरच्याने काय केले हे पाहून ठरवण्याची ही मुभा म्हणजेच ‘पोझिशन’. ती या खेळातील सर्वांत टिकाऊ भांडवल आहे.

प्रत्येक डावात दोघांनाही ब्लाइंड भरावाच लागतो, म्हणून थांबून राहणे महाग पडते. जो प्रत्येक हात टाकून देईल, तो दर दोन डावांत दीड बिग ब्लाइंड, म्हणजे शंभर डावांत ७५ बिग ब्लाइंड गमावतो. नऊ जणांच्या टेबलावर हेच नुकसान १७च्या आसपास असते. ‘चांगली पाने येईपर्यंत दम धरा’ हा भरलेल्या टेबलावरचा सल्ला येथे घातक ठरतो तो यामुळे.

हातांची किंमत : सुरुवातीच्या दोन पानांचे १६९ प्रकार होतात. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरे काही लागण्याची शक्यता सुमारे ३२ टक्केच असते. त्यामुळे बहुतेक डावांत दोघांच्याही हाती फारसे काही नसते. मधली जोडी किंवा नुसता एक्काही वजनदार ठरतो. वेगवेगळ्या रंगांची राणी आणि सत्ती हा भरलेल्या टेबलावर टाकून देण्याचा हात. कोणत्याही दोन पानांविरुद्ध तो सुमारे ५२ टक्के वाटा राखतो. सत्ती-दुर्री हा सर्वांत वाईट हात अशी ख्याती आहे. परंतु दोघांच्या खेळात तिर्री-दुर्री त्याहूनही दुबळी, कारण तिच्यात मोठे पानच नाही. ब्लाइंडच्या मानाने भरपूर चिप्स असताना निष्णात खेळाडू बटनावरून दहांपैकी आठ किंवा अधिक हात खेळतो. पोझिशन नसलेला बिग ब्लाइंडवाला अर्थातच अधिक निवडक असतो.

पैजेचे गणित : पॉटमध्ये (डावात जमलेल्या रकमेत) १०० आहेत आणि समोरच्याने ५० लावले, असे समजू. कॉल करणारा, म्हणजे तेवढीच रक्कम भरून टिकून राहणारा, ५० टाकून एकूण २०० च्या पॉटसाठी झगडतो. चारांपैकी एकदा जिंकला तरी त्याचे नुकसान होत नाही. उलट बाजूने, निव्वळ ब्लफ करणारा (हाती काही नसताना पैज लावणारा) १०० मिळवण्यासाठी ५० धोक्यात घालतो. तीनांपैकी एकाहून जास्त वेळा समोरचा पाने टाकत असेल, तर कोणतीही दोन पाने घेऊन केलेला ब्लफ फायद्यात जातो. पैज पॉटएवढी असेल, तर ही सीमा दोनांपैकी एकापर्यंत वाढते. हेड्स-अपमध्ये बचाव करणारा एकटाच असल्याने हा सारा भार त्याच्यावरच पडतो. आपल्या हातांपैकी किती भाग टिकवायचा, हा प्रश्न म्हणून ‘या हाताचे काय करू’ या प्रश्नाआधी येतो.

कूनचा तीन पानांचा पोकर : गणितज्ञ हॅरल्ड कून याने १९५० मध्ये मांडलेला हा छोटा खेळ दोघांच्या पोकरचा गाभा उघड करतो. गुलाम, राणी आणि राजा अशी तीनच पाने. प्रत्येकाला एक पान, प्रत्येकाची एक चिप पॉटमध्ये आणि पुढे एकाच चिपची पैज. पहिल्याने चेक केल्यावर (पैज न लावता पाळी पुढे दिल्यावर) दुसऱ्या खेळाडूने राजा असल्यास नेहमी आणि गुलाम असल्यास तीनांपैकी एकदा पैज लावावी, असे उत्तर निघते. राणी असल्यास मात्र पैज लावू नये. कारण गुलाम पळून जाईल आणि राजाच कॉल करील. पैज सर्वांत बळकट आणि सर्वांत हलक्या पानाची, मधल्याचे काम चेक करून ब्लफ पकडणे : मोठ्या पोकरमध्येही रिव्हरवर हेच तत्त्व चालते. दोघेही निर्दोष खेळले, तरी पहिला बोलणारा दर डावाला सरासरी १/१८ चिप हरतो. पोझिशनची किंमत इतक्या लहान खेळातही दिसते. जॉन फॉन नॉयमन यानेही ऑस्कर मॉर्गेनस्टर्नसह लिहिलेल्या १९४४ च्या ग्रंथात पोकरचे सोपे प्रतिरूप घेऊन ब्लफ हा तर्कशुद्ध खेळाचा आवश्यक भाग असल्याचे दाखवले होते.

नेहमीच्या चुका : हेड्स-अपमधील चूक एखाद्या डावात क्वचितच ठरवता येते, ती ओळखू येणाऱ्या सवयीत असते. (१) अति फोल्ड : ब्लाइंडमधून आणि फ्लॉपवरील पहिल्या पैजेला जरुरीपेक्षा जास्त वेळा पाने टाकणे. नुकसान थोडे-थोडे होत असल्याने ते जाणवत नाही. (२) मधल्या हाताने पैज : कमजोर हात पळून जातात, बळकट तेवढे उरतात. (३) बटनावरून नुसता कॉल करून शिरणे : बळकट हातांवर रेझ (पैज वाढवणे) आणि दुबळ्यांवर कॉल अशी विभागणी झाली, की पाने उघडी करून खेळल्यासारखेच होते. (४) पैजेच्या आकाराने दिलेली कबुली : खऱ्या हाताला मोठी आणि ब्लफला लहान पैज, किंवा उलट. (५) जुळवून न घेणे : जो कधीच हात सोडत नाही त्याच्यावर ब्लफ करत राहणे, आणि जो सहज सोडतो त्याच्यावर न करणे. (६) टिल्ट : मोठा पॉट गेल्यावर रागाने खेळणे. त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुढचा डाव लगेच असल्याने सुडाची भावना येथे अधिक प्रबळ होते.

समोरच्याच्या सवयीचा फायदा उठवण्यासाठी आपणही समतोल सोडतो, आणि त्या क्षणी आपल्यातही फट पडते. किती सोडायचा आणि केव्हा परतायचे, हे जोखणे म्हणजे हेड्स-अपचे खरे कौशल्य.

गाजलेले सामने : लास व्हेगास येथील वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत १९८८ साली जॉनी चॅनला फ्लॉपवरच अभेद्य स्ट्रेट (लागोपाठची पाच पाने) लागली. तो चेक करत राहिला. राण्यांची जोडी असलेल्या एरिक सायडेलने अखेर सर्व चिप्स लावल्या आणि स्पर्धा संपली. दोघांच्या खेळात सर्वांत वरची जोडी सोडवत नाही, यावरच हा सापळा उभा होता. २००३ च्या अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकरचा फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) हुकला, तरी रिव्हरवर त्याने ऑल-इन केले, म्हणजे सर्व चिप्स लावल्या. नव्व्यांची जोडी, म्हणजे मेजावरची सर्वांत वरची जोडी असूनही सॅम फारहाने पाने टाकली. तो फोल्ड चूक होता की नाही, हे मनीमेकर अशा जागी किती वेळा ब्लफ करतो यावर अवलंबून होते, आणि ते एका डावावरून कळत नाही. म्हणूनच गंभीर सामने हजारो डावांचे ठरवतात. डग पोल्क आणि डॅनियल नेग्रानू यांचा सामना नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ दरम्यान २५,००० डाव चालला; हेड्स-अपचा मुरलेला खेळाडू असलेल्या पोल्कने सुमारे १२ लाख डॉलर जिंकले.

भारतातील स्थिती : गोव्यात परवानाधारक कॅसिनोंमध्ये पोकर खेळला जातो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली.

संगणक आणि अभ्यास : कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘सेफियस’ या प्रणालीद्वारे मर्यादित पैजेचा हेड्स-अप होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. त्यासाठी सुमारे ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस चालले. बटनवाल्याला निश्चित आघाडी असते, हा खेळाडूंचा जुना अनुभव यातून सिद्ध झाला. बटनावरून सेफियस जवळजवळ कधीच नुसता कॉल करून शिरत नाही. नो-लिमिट प्रकारात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘क्लॉडिको’ला २०१५ साली पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिकांनी ८०,००० डावांत मागे टाकले. जानेवारी २०१७ मध्ये तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या ‘लिब्राटस’ने तेथेच चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत १७,६६,२५० डॉलर किमतीच्या चिप्सने हरवले, म्हणजे शंभर डावांमागे १४.७ बिग ब्लाइंड. नशिबाचा वाटा कमी करण्यासाठी तीच पाने आलटून-पालटून दोन्ही बाजूंना दिली होती.

पॉटच्या कितीतरी पट मोठ्या पैजा आणि एकाच हाताने कधी असे, कधी तसे खेळणे, ही लिब्राटसची लक्षणीय वैशिष्ट्ये होती. त्याहून शिकण्याजोगी होती त्याची रात्रीची कामगिरी. दिवसभरात खेळाडूंनी ज्या आकाराच्या पैजा लावून त्याच्या खेळातील फटी शोधल्या, त्यांची उत्तरे तो रात्री गणित करून तयार ठेवी. माणसाला तितके गणित झेपत नाही, परंतु क्रम तोच पाळता येतो : हरलेल्या डावांची हळहळ बाजूला ठेवून, जिंकलेल्या डावांतही आपली कोणती सवय समोरच्याला दिसली असेल, ते पुढच्या बैठकीआधी शोधणे.