उष्णजल तापनातील प्लॅस्टिक नळ्या

थंड हवेच्या देशांत घर ऊबदार ठेवण्यासाठी जलतापकात तापविलेले पाणी फरशीखाली पुरलेल्या किंवा भिंतीलगतच्या उष्णता-प्रसारकांना जोडलेल्या नळ्यांतून सतत फिरवितात. या नळ्या प्रारंभी लोखंड, पोलाद वा तांबे यांच्या असत. १९७० नंतर त्यांची जागा क्रमाक्रमाने प्लॅस्टिकने घेतली.

फरशी खालून तापविण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन स्नानगृहांत व कोरियातील ‘ओंडोल’ पद्धतीत फरशीखालून गरम हवा व धूर खेळवीत. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांनी मॅडिसन (विस्कॉन्सिन) येथे १९३७ मध्ये पूर्ण झालेल्या जेकब्झ यांच्या घरात काँक्रीटच्या जमिनीखाली लोखंडी नळ घातले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउन येथे १९४७–५१ या काळात १७,००० हून अधिक स्वस्त घरे उभी राहिली. त्यांना तळघर नव्हते. काँक्रीटच्या लादीतच तापनाच्या, बहुधा तांब्याच्या, नळ्या पुरलेल्या होत्या. कालांतराने त्या गळू लागल्या आणि गळती शोधण्यास जमीन फोडावी लागे. पुष्कळ रहिवाशांनी ती यंत्रणाच सोडून दिली. पुरलेली नळी घराइतकी टिकावी व जमिनीत तिला सांधा नसावा, ही या पद्धतीची खरी अट होय.

इंग्लंडमध्ये १९३३ साली प्रथम तयार झालेले पॉलिएथिलीन या कामी पुरे पडत नाही, कारण गरम पाण्याच्या दाबाखाली ते हळूहळू ताणले जाऊन फुटते. त्याच्या रेणुशृंखला एकमेकींस आडव्या बंधांनी जोडल्यास हा दोष पुष्कळसा जातो. जर्मन संशोधक टोमास एंगेल यांनी १९६०–७० या दशकाच्या अखेरीस पेरॉक्साइडाच्या साहाय्याने अशी नळी तयार केली व १९७२ मध्ये स्वीडनमधील व्हिर्सबू येथे तिचे उत्पादन सुरू झाले. सिलेन संयुगे किंवा इलेक्ट्रॉन शलाका वापरूनही हे बंध साधता येतात. नळी लांबलचक गुंडाळीत मिळत असल्याने खोलीभर वेटोळे विनासांधा घालता येते.

प्लॅस्टिक गंजत नाही. तरी त्याच्यामुळे इतरत्र गंज चढला, ही गोष्ट मात्र अनपेक्षित होती. धातूच्या बंद यंत्रणेत पाण्यातील ऑक्सिजन थोड्याशा गंजात खर्च होतो व क्रिया थांबते. प्लॅस्टिकच्या भित्तीतून हवेतील ऑक्सिजन विसरणाने आत शिरत राहतो; त्यामुळे पोलादी जलतापक व प्रसारक झिजून गंजाच्या गाळाने नळ्या तुंबल्या. यावर उपाय म्हणून नळीवर एथिलीन व व्हिनिल अल्कोहॉल यांच्या सहबहुवारिकाचा पातळ थर देतात किंवा भित्तीत ॲल्युमिनियमाचा पत्रा घालतात. जर्मन मानक ४७२६ नुसार ४०° से. तापमानास दर घ. मी. पाण्यामागे दिवसाला ०·१ ग्रॅ. पेक्षा अधिक ऑक्सिजन आत येता कामा नये.

अमेरिकेत १९७८ पासून वापरात आलेल्या पॉलिब्यूटिलीन नळ्यांनी प्लॅस्टिकविषयी अविश्वास वाढविला. घरगुती पाणीपुरवठ्यात त्या व त्यांचे जोड निकामी झाल्याने दावे झाले आणि १९९५ मध्ये सु. ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तेथे पाण्यातील क्लोरिनाचा मारा सतत होता. तापनाच्या बंद वेटोळ्यात तेच पाणी फिरत असल्याने ही अडचण बरीच कमी असते. शिवाय फरशीखालील पाणी सामान्यतः ३०° ते ४५° से. इतकेच तापवावे लागते, म्हणजे या नळ्यांच्या सहनमर्यादेच्या बरेच खाली.