पराभूताच्या गळ्यातील वळे

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते लढाईचे चित्र दाखवून विचारीत, "यात हरलेला कोठे आहे?" तेव्हापासून विजयशिल्प पाहताना मी प्रथम पराभूताला शोधतो.

'ट्रॉफी' हा क्रीडास्पर्धांत रुळलेला शब्द मूळचा ग्रीक रणभूमीवरचा. शत्रूने जेथे पाठ फिरवली तेथे ओंडका रोवून त्यावर त्याचेच शिरस्त्राण, चिलखत व ढाल लटकवीत. रोमनांनी हे चिन्ह दगडात उतरविले आणि पायथ्याशी हात बांधलेले कैदी बसविले.

ऑलिंपिया येथे पायोनिऑसने इ. स. पू. 5व्या शतकात घडविलेली विजयदेवता नाइकी सुमारे 9 मीटर उंच त्रिकोणी स्तंभावर उभी होती. मेसिनियन व नौपॅक्टियन लोकांनी ती लुटीच्या दशांशातून अर्पण केली. परंतु लेखात शत्रूचे नाव नाही. पॉसेनिअस हा प्रवासी नोंदवितो की, मेसिनियनांच्याच सांगण्याप्रमाणे ते स्पार्टाच्या धाकाने गाळले गेले. विजय मिळाला, पण जिताचे नाव घेण्याची छाती झाली नाही!

याउलट रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातील 'मरणोन्मुख गॉल'. पर्गामॉनचा राजा पहिला अ‍ॅटॅलस याने इ. स. पू. 3ऱ्या शतकात गॅलेशियन टोळ्यांवर विजय मिळविला. त्याच्या स्मारकातील मूळ शिल्पाची ही रोमन प्रतिकृती मानली जाते. नग्न योद्धा स्वतःच्या ढालीवर कोसळून उजव्या हातावर भार तोलून आहे. छातीला जखम, जवळ रणशिंग. ताठ केस, मिशा आणि गळ्यातील पिळाचे वळे या ग्रीकांच्या दृष्टीने परकेपणाच्या खुणा. जेता मात्र शिल्पात कोठेच नाही. याला अनेकजण कलावंताचे औदार्य म्हणतात. मला ते निम्मेच पटते, कारण शत्रू जितका शूर तितका जेत्याचा मान मोठा. तरीही त्या झुकलेल्या मस्तकापुढे अ‍ॅटॅलसची आठवण राहत नाही, हेही खरे. पुढे 1797च्या तोलेंतिनो तहानंतर नेपोलियनने हा गॉलच लूट म्हणून पॅरिसला नेला. तो 1816 मध्ये परतला.

आपल्या बेळगाव परिसरातील वीरगळ आठवा. खाली झुंज, वरच्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, शिखराजवळ शिवलिंगाची पूजा. तो दगड मृताच्या स्वकीयांनी उभारलेला असतो. अ‍ॅटॅलसच्या गॉलला उचलून नेणारे कोणी नाही; तो अजून ढालीवरच टेकून आहे.