आर्थर रोडवरचा मोर्चा

प्लेग म्हटलं की आपल्याला आठवतं ते पुणं, रँड आणि चापेकर बंधू. वर्गात आम्हीही तेच शिकवलं. पण रँडच्या खुनाच्या आदल्या वर्षी मुंबईत जे झालं, ते आम्ही शिकवलेल्या पुस्तकांत कुठे नव्हतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात रोग्यांना सक्तीनं हलवणं सुरू झालं. त्यांना नेत आर्थर रोडच्या इस्पितळात (आजचं कस्तुरबा रुग्णालय). गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. प्लेगवर तेव्हा खात्रीचं औषधच नव्हतं, आणि रोगी पोचायचे तेही अगदी शेवटच्या घटकेला. गावात मात्र कुजबुज वेगळीच! म्हणे तिथे माणसं मारतात, त्यांच्या अंगातली मोमियाई काढतात. २९ ऑक्टोबरला हजारेक गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. मार्च १८९८ मध्ये तर एका आजारी मुलीला तपासायला आलेल्या पथकावरून दंगल पेटली.

अफवा खोट्याच होत्या. पण आपलं माणूस पडद्याआड नेतात आणि काही सांगत नाहीत, ही तक्रार खोटी नव्हती. सरकारलाही ते उमगलं असावं. सक्ती सैल झाली, जातीजमातींना स्वतःची प्लेग इस्पितळं काढू दिली, घरच्यांना रोग्याजवळ राहू दिलं.

१८९७ च्या साथरोग कायद्यानं अधिकाऱ्यांना भरपूर अधिकार दिले. त्यात डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला शिक्षा आली ती थेट २०२० साली, कोरोनात. महाराष्ट्रानं त्याआधी २०१० मध्ये वेगळा कायदा केला होता. तरी मारहाणीच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

आमची नात सध्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात इंटर्न आहे. तिला मध्यंतरी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं. दाराकडची वाट मोकळी ठेवून उभं राहायचं, आवाज चढवायचा नाही, आणि मुख्य म्हणजे नातेवाइकांपैकी एकाला बाजूला घेऊन थोड्या थोड्या वेळानं काय चाललंय ते सांगत राहायचं. मला लगेच ती प्लेगची इस्पितळं आठवली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, पटतं हो. पण रात्री पेशंटबरोबर वीस जण येतात आणि आम्ही दोघीच असतो. सलाईन लावायचं की बोलत बसायचं?"

यावर मला काही सुचलं नाही. आपल्यापैकी कुणी या क्षेत्रात असेल तर जरूर लिहा.