मालगाडीचें 'डब्ल्यूजी' इंजिन व त्याची प्रतिकृति

महोत्सवाच्या निमित्तानें मागील पिढ्यांच्या श्रमांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच आहे. भुसावळ, मनमाड, दौंड यांसारखीं गांवें आगगाडीच्या आधारावर वाढलीं आणि तेथील कित्येक संसार वाफेच्या इंजिनांवर चालले. नित्याच्या वाहतुकींतून तीं इंजिनें गेलीं. आजच्या मुलांना त्यांची ओळख होते ती बहुधा कांचेच्या कपाटांतील चिमुकल्या प्रतिकृतींवरून. अशी प्रतिकृति मूळ वस्तूविषयीं किती खरें सांगते आणि कशाविषयीं मौन धरते, हें 'डब्ल्यूजी' इंजिनाच्या उदाहरणानें पाहूं.

या नांवांतील पहिलें अक्षर ५ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांचें, म्हणजे ब्रॉडगेजचें, व दुसरें मालगाडीचें द्योतक होय. या वर्गाचीं पहिलीं इंजिनें ग्लासगो येथील नॉर्थ ब्रिटिश कंपनीनें बांधलीं. त्यांच्यामागोमाग बंगालमधील चित्तरंजन येथील नव्या कारखान्यांतून याच वर्गाचें ८४०१ क्रमांकाचें इंजिन बाहेर पडलें. १ नोव्हेंबर १९५० रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याचें लोकार्पण झालें व देशबंधु चित्तरंजन दास यांच्या स्मरणार्थ त्यास 'देशबंधु' हें नांव मिळालें. आरंभीं पुष्कळ भाग परदेशांतून येत. पुढें ते येथेंच होऊं लागले. १९७० सालीं 'अंतिम सितारा' हें १०५६० क्रमांकाचें इंजिन तयार झालें, तेव्हां या वर्गाची एकूण संख्या २४५० झाली होती. स्वतंत्र देशानें मोठीं इंजिनें बांधण्याचा धडा याच वर्गावर गिरविला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

उतारूंच्या गाडीचें 'डब्ल्यूपी' हें त्याचें सख्खें भावंड. दोघांचा बॉयलर एकच व त्यांतील वाफेचा दाब चौरस इंचास २१० पौंड. तथापि डब्ल्यूपीचीं मोठीं चाकें ५ फूट ७ इंच व्यासाचीं, तर डब्ल्यूजीचीं ५ फूट १½ इंच. शिवाय डब्ल्यूजीचे सिलिंडर अधिक रुंद. त्यामुळें तितक्याच दाबाच्या वाफेवर डब्ल्यूपीचा ओढ सुमारें ३०,६०० पौंड भरे, आणि डब्ल्यूजीचा ३८,८९० पौंड. एकाच्या वांट्यास वेग आला, दुसऱ्याच्या वांट्यास ओझें. वाघिणींची लांबलचक रांग जागची हलविण्यासाठीं आठ जोडचाकें, त्यांच्यापुढें दोन व मागें दोन, अशी त्याची मांडणी होती.

आतां प्रतिकृतीकडे वळूं. छंदिष्टांत विशेष रूढ असलेलें प्रमाण ८७ स एक हें आहे. त्या प्रमाणानें डब्ल्यूजीचें मोठें चाक १८ मिलिमीटरांचें होतें. परंतु लांबी ८७ पट घटली कीं आकारमान ६,५८,५०३ पट घटतें. म्हणजे १ टन वजनाचा हिशेब अवघ्या दीड ग्रॅमवर येतो, आणि १०० टनांचें इंजिन १५० ग्रॅमचें ठरतें! डोळ्यांस तें इंजिन दिसतें. हातास त्याचा भार मुळींच कळत नाहीं.

याहून सूक्ष्म फसवणूक रुळांत आहे. या प्रमाणाचे बाजारांत सर्रास मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, आणि ते युरोप-अमेरिकेंतील ४ फूट ८½ इंची मार्गाशीं जुळतात. आपल्या ब्रॉडगेजला मात्र १९.३ मिलिमीटर हवेत. तयार रुळांवर बसविण्यासाठीं डब्ल्यूजीचीं चाकें आंत घेतलीं, तर प्रत्यक्षांत सुमारें साडेनऊ इंचांची रुंदी नाहींशी होते, आणि भरदार इंजिन अरुंद पायांवर उभें असल्यासारखें दिसतें. ज्यास खरेपणा प्रिय आहे, त्यास रूळहि स्वतःच्या हातांनींच घडवावे लागतात.

आणि जें कितीहि कौशल्यानें घडवितां येत नाहीं, तें म्हणजे माणसाचे कष्ट. आपल्याकडील कोळसा राखेनें भरलेला व कमी उष्णतेचा. म्हणून या इंजिनास ४६ चौरस फुटांची विस्तीर्ण जाळी दिलेली होती. तिच्यावर कोळसा फावड्यानें सारखा पसरण्याचें काम फायरमनच्या बाहूंकडे होतें. पुढें धगधगती भट्टी, पायांखालीं हादरणारी फळी, अशा स्थितींत त्यास बॉयलरचा दाब राखावा लागे. १९९५ सालीं ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक संपली, आणि तें कामहि तिच्याबरोबर संपलें.

म्हणून वाचकहो, मुलांना प्रतिकृति अवश्य दाखवावी. तिचीं चाकें मोजूं द्यावीं, रुळांची रुंदीहि पारखूं द्यावी. मात्र त्याच वेळीं, ज्यांनीं तें इंजिन चालविलें असे कोणी वृद्ध गृहस्थ गांवांत हयात असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ नेऊन बसवावें. लोखंड लहान करतां येतें. श्रमाची गोष्ट मात्र पूर्ण मापानेंच सांगितली पाहिजे.