दौतीतले शब्द : इंग्रजीतील लॅटिन धातूंचा वाद

इंग्रजीचा शब्दसंग्रह वाढविण्याचा जो उपाय विद्यार्थ्यास आवर्जून सांगितला जातो, तो म्हणजे लॅटिन धातू व उपसर्ग ह्यांचा अभ्यास. ‘डूकेरे’ म्हणजे नेणे, हा एक धातू कळला की इंड्यूस, रिड्यूस, प्रोड्यूस, कंडक्ट, डिडक्शन हे शब्द एका सूत्रात ओवले जातात. आपल्याकडे ‘नी’ धातूवरून अनुनय, उपनयन, प्रणयन हे शब्द सिद्ध होतात, तसाच हा प्रकार होय. उपाय खरा आहे. मात्र तो अशा रीतीने मांडला जातो की, जणू हे शब्द इंग्रजी भाषेच्या पोटी आपोआपच निपजले असावेत. वस्तुतः इंग्रजीतील लॅटिन कुळाच्या शब्दांपैकी बराच मोठा भाग सोळाव्या व सतराव्या शतकांत ग्रंथकारांनी हेतुपुरस्सर आणला, आणि तो आणू नये म्हणून तितक्याच विद्वान माणसांनी कसून विरोध केला. लॅटिन धातूंना इंग्रजी शब्दांची किल्ली म्हणावयाचे, तर ते कुलूप कोणी व कशासाठी घातले हेही पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्या वादाचा परामर्श घ्यावयाचा आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घेणे इष्ट आहे. इंग्रजीत लॅटिन दोन वाटांनी आले. इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जे शब्द फ्रेंच भाषेच्या द्वारे आले, ते लोकांच्या तोंडी झिजून आले होते. सोळाव्या शतकातील शब्द पुस्तकांतून जसेच्या तसे उचलले गेले. म्हणून एकाच ‘फ्रागिलिस’ शब्दापासून ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’, एकाच ‘सेक्युरुस’ पासून ‘शुअर’ आणि ‘सिक्युअर’ अशा जोड्या झाल्या. मराठीच्या अभ्यासकास पान आणि पर्ण, काम आणि कर्म ह्या तद्भव-तत्सम जोड्या परिचित असल्याने ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. वाद झाला तो तत्समांवरून.

ह्या तत्समांचा पहिला मोठा पुरस्कर्ता सर टॉमस एलियट. त्याचा ‘द गव्हर्नर’ हा राज्यकर्त्यांच्या शिक्षणावरील ग्रंथ १५३१ साली प्रसिद्ध झाला. एलियटपुढील अडचण खरी होती. ग्रीक व रोमन ग्रंथांतील नीतिविचार त्याला इंग्रजीत मांडावयाचा होता आणि त्या विचारास लागणारी नावे इंग्रजीत नव्हती. ‘मॅच्युरिटी’ हा शब्द योजताना, आपणांस तो लॅटिनमधून घेणे भाग पडत आहे, असे तो उघड सांगतो, आणि अर्थही फोडून देतो : फार घाई नाही, फार दिरंगाई नाही, अशी मधली योग्य अवस्था. गंमत अशी की, शब्द टिकला, पण एलियटने आखून दिलेला अर्थ टिकला नाही. आज त्या शब्दाने परिपक्वता कळते, घाई व दिरंगाई ह्यांचा मध्य नव्हे. इतरत्र तो नव्या शब्दाशेजारी जुना शब्द ठेवतो : ‘एज्युकेशन’ म्हणताच ‘मुलांना वाढविणे’ ह्या अर्थाचे साधे इंग्रजी शब्द जोडून देतो. ही जोडशब्दांची युक्ती म्हणजे त्याच्या गद्यातच विखुरलेला एक लहानसा कोश होय. इंग्रजी समृद्ध करण्याचा आपला हेतू आठव्या हेन्री राजाने ओळखला, असे त्याने १५३३ साली अभिमानाने लिहिले. १५३८ साली त्याचा लॅटिन-इंग्रजी कोशही निघाला.

विरोध लवकरच सुरू झाला. विरोधकांनी अशा शब्दांना ‘इंकहॉर्न टर्म्स’ म्हणजे शिंगाच्या दौतीतले शब्द असे नाव ठेवले. बोलणाऱ्याच्या तोंडून नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या दौतीतून उपजलेले, हा त्यातील डंख. टॉमस विल्सन ह्याने १५५३ सालच्या आपल्या ‘आर्ट ऑफ रेटरिक’ ह्या ग्रंथात एक पत्र छापले आहे. लिंकनशायरमधील कोणी गृहस्थ चर्चमधील रिकाम्या जागेसाठी शिफारस मागतो, आणि लॅटिन शब्दांची इतकी खैरात करतो की मूळ मागणी सापडेनाशी होते. पत्र अर्थात उपहासाचे आहे. परंतु आज ते वाचताना एक विलक्षण गोष्ट दिसते. ‘इंजेंट’, ‘अडेप्टेड’, ‘मॅग्निफिकल’ हे त्यातील शब्द मेले. पण सेलिब्रेट, एक्स्टॉल, डेक्स्टेरिटी, कपॅसिटी, मंडेन, फर्टाइल हे त्याच थट्टेतले शब्द आज शाळकरी मुलांच्या तोंडी आहेत. ‘इंजेंट’ हा ‘डेक्स्टेरिटी’पेक्षा कमी शुद्ध लॅटिन नव्हता. व्युत्पत्ती दोघांची निर्दोष. प्रचंड ह्या अर्थाचे पुरेसे शब्द इंग्रजीपाशी होते, म्हणून पहिला गेला. हस्तकौशल्य आणि चातुर्य ह्यांना कवेत घेणाऱ्या दुसऱ्याची जागा मोकळी होती. हे आपण आज मागे वळून म्हणू शकतो. विल्सनला ते कळणे शक्य नव्हते, व म्हणून त्याला हसण्यात अर्थ नाही.

सर जॉन चीक ह्याची भूमिका अधिक मूलगामी होती. हा केंब्रिज येथील ग्रीक भाषेचा पहिला राजनियुक्त प्राध्यापक. त्यामुळे त्याचा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता. टॉमस होबी ह्यास १५५७ साली लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, आपली भाषा निर्भेळ लिहिली जावी. नुसते उसने घेत राहून फेड कधीच न करणाऱ्या घरावर दिवाळखोरी ओढवते. बोलल्याप्रमाणे त्याने करूनही पाहिले. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या भाषांतरात ‘सेंच्युरियन’च्या जागी ‘हंड्रेडर’, ‘रेझरेक्शन’च्या जागी ‘गेनरायझिंग’, ‘लुनॅटिक’च्या जागी ‘मून्ड’ अशी देशी घडण त्याने योजली. हे भाषांतर १८४३ पर्यंत छापले गेले नाही. १५७३ साली राल्फ लीव्हर ह्याने तर्कशास्त्रावरील ग्रंथास ‘विटक्राफ्ट’ असे नाव देऊन ‘कन्क्लूजन’ला ‘एंडसे’ व ‘डेफिनिशन’ला ‘सेव्हॉट’ म्हटले. ‘सेव्हॉट’ म्हणजे ‘काय ते सांग’. शब्द तसा वाईट नाही. ज्याला लॅटिन येत नाही त्याला तो ऐकताक्षणी समजतो, आणि चीक व लीव्हर ह्यांचा खरा मुद्दा हाच होता. परंतु तर्कशास्त्र शिकणारा प्रत्येक मुलगा ते लॅटिनमधूनच शिकत असल्याने, ज्याच्यासाठी हे शब्द घडविले तो वाचक त्या विषयाच्या वर्गात नव्हताच.

येथे आपल्याकडील अनुभव उलटा आहे, ह्याची ओझरती नोंद करावीशी वाटते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविले. विसाव्या शतकात सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द रूढ केले. इंग्लंडमध्ये अभिजात भाषेतून शब्द घेणारा एक पक्ष आणि परके शब्द हाकलणारा दुसरा, असे दोन पक्ष समोरासमोर उभे होते. मराठीत दोन्ही कामे एकाच माणसाने केली, कारण संस्कृतला आपण परके मानले नाही. चीकच्या दृष्टीने पाहता मात्र ‘महापौर’ हाही दौतीतलाच शब्द ठरला असता.

तडजोडीचा मार्ग रिचर्ड मल्कास्टर ह्या शिक्षकाने १५८२ साली सुचविला. परदेशी माणसाला नागरिकत्व द्यावे, तसे उसन्या शब्दांना इंग्रजी उच्चार व इंग्रजी प्रत्यय लावून आपलेसे करावे, हे त्याचे म्हणणे. व्यवहारात तेच झाले. पण लॅटिनचे माहात्म्य इतके वाढले होते की जुने, रुळलेले शब्दही रोमन पोशाख चढवू लागले. फ्रेंचमधून आलेल्या ‘डेट’ म्हणजे ऋण ह्या शब्दात ‘डेबिटुम’ची आठवण म्हणून ‘बी’ घुसले, ‘डाउट’मध्येही घुसले. ‘आयलंड’ हा तर अस्सल जर्मानिक शब्द. लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचे काही नाते नसता त्यात ‘एस’ बसविण्यात आला. ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ ह्या नाटकातील होलोफर्नीस हा पंतोजी ह्या ‘बी’चा उच्चारही झालाच पाहिजे असा हट्ट धरतो. शेक्सपिअरचे प्रेक्षक हसले असतील. पुढील चारशे वर्षे स्पेलिंग घोकणारी मुले काही हसली नाहीत.

ह्या सर्व खटाटोपात एक मोठा वर्ग बाहेर राहिला. लॅटिन ग्रामर स्कूलमध्ये शिकविले जाई, आणि तेथे मुलींना सहसा प्रवेश नसे. इंग्रजी वाचू शकणाऱ्या स्त्रिया, व्यापारी, कारागीर ह्यांना त्यांच्याच भाषेतील पुस्तके दुर्बोध झाली. इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश त्यांच्यासाठी निघाला. रॉबर्ट कॉड्री ह्या शिक्षकाने, जो आपल्या प्युरिटन मतांमुळे धर्मोपदेशकाची जागा गमावून बसला होता, १६०४ साली ‘टेबल अल्फाबेटिकल’ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २,५०० कठीण शब्द आहेत, आणि तो स्त्रिया व इतर अनभिज्ञ व्यक्ती ह्यांच्या उपयोगासाठी असल्याचे मुखपृष्ठावरच सांगितले आहे. अर्पणपत्रिका हॅरिंग्टन घराण्यातील पाच भगिनींना आहे. ‘ए’ने आरंभ होणारा शब्द पुस्तकाच्या आरंभी शोधावा, हेसुद्धा त्याला समजावून सांगावे लागले. फ्रेंच व ग्रीक शब्दांना त्याने खुणा केल्या, लॅटिनला खूण नाही. कठीण शब्द म्हणजे लॅटिनच, हे गृहीत होते. आणि प्रस्तावनेत दौतीतल्या शब्दांवर जी टीका आहे, ती बरीचशी विल्सनच्या ग्रंथातून जशीच्या तशी घेतलेली आहे! ज्या शब्दांचा निषेध करावयाचा, त्यांचाच कोश करावा लागावा, ह्यात त्या वादाचा निकाल लागून गेल्याचे दिसते. हेन्री कॉकरमने १६२३ साली आणखी पुढची पायरी गाठली : त्याच्या कोशाच्या एका भागात साध्या शब्दांवरून भारदस्त शब्द शोधण्याची सोय आहे. कॉड्रीचा वाचक पुस्तक समजावे म्हणून कोश उघडी. कॉकरमच्या वाचकाला स्वतःच तसे बोलावयाचे होते. शब्दाबरोबर त्याचे मूळ देण्याची प्रथा टॉमस ब्लाउंटच्या १६५६ सालच्या ‘ग्लॉसोग्राफिया’पासून इंग्रजी कोशांत आली.

मूळ कळल्याने शब्द कितपत कळतो? ‘प्रेहेंडेरे’ म्हणजे पकडणे. त्यावरून ‘अ‍ॅप्रिहेंड’ आणि ‘कॉम्प्रिहेंड’ हे दोन शब्द झाले. ‘मच अ‍ॅडो अबाउट नथिंग’मधील डॉगबेरी हा पहारेकरी संशयितांना ‘कॉम्प्रिहेंड’ केल्याची वर्दी देतो. धातू बरोबर, उपसर्ग चुकला. चोर पकडण्याऐवजी आकळला गेला. लॅटिनच्या नियमांत ह्या दोहोंपैकी पोलिसांचा कोणता व तत्त्वज्ञांचा कोणता, हे सांगणारे काही नाही. आपल्या ‘ग्रह्’ धातूची गोष्ट अशीच. कुळाने तो निराळा, पण अर्थ तोच, पकडणे. त्यावरून संग्रह, आग्रह, निग्रह, विग्रह, अनुग्रह. ‘अनुग्रह’ म्हणजे कृपा, हे ‘अनु’ आणि ‘ग्रह्’ ह्यांची बेरीज करून कोणाला काढता येईल? संस्कृत वैयाकरणांनी उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, असे हृ धातूच्या आहार, विहार, संहार अशा रूपांच्या आधारे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

विसाव्या शतकातील शब्दसंग्रहाच्या पुस्तकांना ह्याची जाणीव कमी-अधिक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे जेम्स ब्राउन ह्यांनी चौदा शब्द निवडले आणि त्यांतील धातू-उपसर्ग मोठ्या कोशातील लाखभर शब्दांत सापडतात असा हिशेब मांडला. हा हिशेब घटकांचा आहे, अर्थांचा नव्हे. त्यातही ‘कापेरे’ म्हणजे घेणे हा धातू ‘प्रिसेप्ट’, ‘रिसीव्ह’, ‘रेसिपी’ अशा रूपांत इतका बदलतो की तो ओळखण्यासाठी शब्द आधी माहीत असावा लागतो. नॉर्मन लुईस ह्यांचे १९४९ सालचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’, जे आपल्याकडील स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांच्या हाती आजही दिसते, ते मला अधिक उपयुक्त वाटते. त्यात धातू दिलेला असतो, पण शब्द वाक्यात, प्रश्नोत्तरांत पुनःपुन्हा वापरून घेतला जातो.

मराठी विद्यार्थ्याला उपसर्गांची सवय असल्याने हा मार्ग सोपा जातो, असे आपण नेहमी म्हणतो. ज्याच्या घरी तत्सम शब्द बोलले जातात त्याच्यापुरते ते खरे आहे. इतरांपुढे ‘प्रिव्हेंटिव्ह’ आणि ‘प्रतिबंधात्मक’ हे दोन्ही शब्द एकाच इयत्तेत, एकाच अपरिचयाने येतात. ‘प्रिव्हेंट’चे मूळ ‘प्रायव्हेनिरे’, म्हणजे आधी येणे. सोळाव्या शतकातील इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पुढे जाणे’ असाही होता. ‘प्रतिबंध’ म्हणजे विरुद्ध बांधणे. दोन्ही व्युत्पत्ती पाठ करूनही लस कशासाठी टोचावयाची हे उमगत नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिका ‘रोग होऊ नये म्हणून’ असे सांगते. सर जॉन चीकला हा अनुवाद पसंत पडला असता.