नातेपुते: दोन यात्रांच्या वाटेवरचा मुलूख

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात, महादेव डोंगररांगेच्या पायथ्याशी नातेपुते वसले आहे. दक्षिणेला शिखर शिंगणापूरचा डोंगर, उत्तरेला नीरा नदी आणि मधे पावसाने कायम हात आखडता घेतलेला पट्टा. येथून दोन मोठ्या वाटा जातात. चैत्रातली शंभू महादेवाकडे, आषाढातली पंढरपूरकडे. या परिसराचा इतिहास राजधान्यांपेक्षा या वाटांनी आणि पाण्याच्या शोधाने घडवला.

शिखर शिंगणापूर आज सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मोडते. हे गाव यादव राजा सिंघणाने वसवले, अशी परंपरा आहे. डोंगरमाथ्यावरील मंदिरात शिव आणि शक्ती अशी दोन लिंगे असून शंभू महादेव हे भोसले घराण्याचे कुलदैवत. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून मालोजीराजे भोसले यांनी सुमारे 1600 साली येथे मोठा तलाव बांधला. कोरड्या मुलखात देवळाच्या कळसापेक्षा तलाव मोठा, हे त्यांनी ओळखले होते.

चैत्र शुद्ध पंचमीला देवाला हळद लागते आणि अष्टमीला शिवपार्वतीचा विवाह होतो. त्या वेळी मुख्य मंदिराच्या शिखरापासून जवळच्या बळी मंदिराच्या शिखरापर्यंत लांबलचक पागोटे बांधले जाते. यात्रेचा कळस मात्र द्वादशीला. कऱ्हाकाठच्या सासवडहून भुतोजी तेली यांची मानाची कावड निघते आणि इतर कावडींसह कोथळे गावाच्या बाजूने मुंगी घाट चढते. हा घाट म्हणजे जवळजवळ उभा कडा. पायऱ्यांची सोय नसलेल्या या चढावर पाण्याने भरलेली जड कावड माणसांची साखळी करून, दोर लावून, ‘हर हर महादेव’च्या गजरात वर नेतात. त्या पाण्याने महादेवाला अभिषेक होतो. कोथळे माळशिरस तालुक्यात येते, त्यामुळे साताऱ्याच्या देवाच्या यात्रेतला सर्वांत थरारक भाग सोलापूर जिल्ह्यातून सुरू होतो.

दुसरी वाट वारीची. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्याचे आजचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घडवले. शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या या सरदाराने दिंड्यांच्या चालीला लष्करी शिस्त लावली. सोहळा बरडहून निघून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येतो आणि नातेपुत्याला मुक्काम करतो. दुसऱ्या दिवशी माळशिरसच्या वाटेवर, सदाशिवनगरजवळ पुरंदावडे येथे गोल रिंगण होते. माऊलींचा अश्व मोकळ्या रिंगणात धावतो आणि तो गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते.

माळशिरसनंतरचा मुक्काम वेळापूरचा. तेथील अर्धनारीनरेश्वराचे मंदिर यादवकालीन असून रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शिलालेख तेथे आहेत. वारीच्या घाईत हे देऊळ बहुतेकांच्या नजरेतून निसटते. खरे तर साऱ्या तालुक्यात सावकाश पाहावी अशी पहिली वास्तू तीच.

विसाव्या शतकात या भागाचे रूप पालटले ते कालव्याने. भाटघरचे धरण 1928 मध्ये पुरे झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या शिवारात खेळू लागले. ज्या सासवडहून कावड येते, तेथूनच माळी शेतकरी ऊस पिकवायला या बाजूला आले. त्यांनी 1932 साली दी सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली आणि तिच्याभोवती माळीनगर वसले. श्रीपूर व सदाशिवनगर येथेही कारखाने उभे राहिले. मात्र कालव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या गावांत, माळरान आणि मेंढपाळी टिकून राहिली. एकाच तालुक्यात दोन हवामाने नांदावीत असा हा फरक आजही डोळ्यांना दिसतो.

नातेपुत्याला 2021 मध्ये नगरपंचायत मिळाली. त्याच वर्षी आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 965 च्या, चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रुंदीकरणात वाटेवरची जुनी सावली बरीच गेली. पायी चालणाऱ्यांच्या या रस्त्याला आता डांबरापेक्षा झाडांची गरज अधिक आहे.