लंडन ते वलगाव : फौजदारी कायदा शिकायला किती लांब जावं लागतं?

परवा सकाळी वलगावच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. बाजूला गावातलीच एक पोरगी, हातात जाडजूड पुस्तक. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज येणं-जाणं करते. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तिला विचारलं, "कायचं पुस्तक होय व बाई हे?"

"कायद्याचं, आबाजी. पोलिसानं तपास कसा कराव, कोर्टात खटला कसा चालते, ते हाय याच्यात."

"मंग वकील होशीन का पोलीस?"

"आधी शिकतो, मंग पाहू."

बाबा हसले. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "म्या एकडाव पंच म्हणून सही केली होती. कागदात काय लिवलं होतं, मले नाई मालूम. दोन वर्षानं कोर्टात बलावलं, म्या सांगितलं मले काही मालूम नाई. वकील म्हणे पंच फितूर झाला. आता म्या कायचा फितूर गा?"

हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. म्हणून आज जरा लांबलचक लिहितो आहे, वेळ काढून वाचा.

फौजदारी कायदा या देशात कुणाला शिकायला मिळाला आणि कुठं, हा आपल्या वऱ्हाडाचाही इतिहास आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची, ती लागू झाली १८६२ मध्ये. पुराव्याचा कायदा १८७२ चा. तेव्हा वऱ्हाडची गंमत अशी होती की मुलूख नावाला निजामाचा आणि १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांचा. कोर्ट आलं, पोलीस आले, जेल आलं. पण त्या कोर्टात काय चालतं हे शिकवणारी जागा इथं नव्हती. कायदा शिकायचा तर मुंबई.

दादासाहेब खापर्डे तसेच शिकले. जन्म १८५४ चा, इंगरोळीचा. मुंबईला जाऊन १८८४ मध्ये एल.एल.बी. झाले, काही वर्षं सरकारी नोकरी केली, ती सोडून अमरावतीत वकिली थाटली. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेची खटपट करायला हेच खापर्डे लंडनला गेले. कारण शेवटचं अपील तिथं, प्रिव्ही कौन्सिलमध्ये. म्हणजे कायदा शिकायला मुंबई आणि न्याय मागायला लंडन, असं ते अंतर होतं.

पुढच्या पिढीत पापळचे पंजाबराव देशमुख शिकायला थेट इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर होऊन परत आले. अशा डिग्रीवर माणूस आयुष्यभर बंगल्यात बसून कमवू शकला असता. भाऊसाहेबांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्याच्या पोरांसाठी शाळा-कॉलेजचं जाळं विणलं. आज अमरावतीच्या विधी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. ज्याला कायदा शिकायला समुद्र ओलांडावा लागला, त्याच्या नावाच्या कॉलेजात आपल्या पोरी एसटीच्या पासवर जातात.

मधला टप्पा नागपूरचा. तिथं विद्यापीठ आलं १९२३ मध्ये आणि त्याचं लॉ कॉलेज १९२५ मध्ये. नागपूरशी जोडलेलं आणखी एक नाव आपण जवळपास विसरलो आहोत, सर हरिसिंग गौर. जन्म सागरचा, काही शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात, पुढं केंब्रिज, मग नागपुरात नामांकित वकिली. दंड संहितेवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ वकिलांच्या कपाटात कित्येक वर्षं हमखास असायचा. वकिलीत कमावलेला पैसा त्यांनी १९४६ मध्ये आपल्या गावी, सागरला, विद्यापीठ काढायला घातला. तेव्हा सागर आणि अमरावती एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. त्याच सागर विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञानाचा विभाग सुरू झाला. गुन्हा का घडतो, पुरावा कसा उचलायचा, रक्ताचा डाग काय सांगतो, हे विद्यापीठात शिकवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या विभागांपैकी तो एक. गौर तोवर हयात नव्हते, पण फौजदारी वकिलीतून आलेल्या पैशावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठानं हा विषय शिकवायला घेतला.

तिकडं अमेरिकेनं दुसरी वाट धरली. त्यांच्याकडं कम्युनिटी कॉलेज असतात. घराजवळची, कमी फीची, दोन वर्षांची कॉलेजं. १९६७ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगानं सांगितलं की पोलिसांनी कॉलेज शिकलेलं असावं. १९६८ मध्ये कायदा झाला, पोलिसांच्या शिक्षणाला सरकारनं पैसा दिला आणि गावोगावच्या या कॉलेजांत क्रिमिनल जस्टिसचे वर्ग निघाले. ड्युटी संपवून आलेला शिपाई आणि दुकानात काम करणारी मुलगी एकाच बाकावर बसून अटकेचे नियम शिकू लागले. त्यानं तिथले पोलीस सुधारले का, यावर तिथंच वाद आहे, तो त्यांना घालू द्या. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. हा विषय फक्त काळ्या कोटवाल्यांचा नाही, हे त्यांनी मान्य केलं.

आपल्याकडं इग्नूनं क्रिमिनल जस्टिसची पदव्युत्तर पदविका काढली आहे, ती घरबसल्या करता येते. पण त्याला आधी पदवी लागते. बारावीवर थांबलेल्या माणसासाठी काय? आणि स्टँडवरच्या त्या बाबांसाठी काय?

कुणी म्हणेल, शिकवल्यानं असा काय फरक पडतो? दोन उदाहरणं देतो. एक आपल्या विदर्भाचं, दुसरं माझं स्वतःचं.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच बलात्कार झाल्याची तक्रार झाली, आरोपी दोन पोलीस. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं प्रतिकार केला नाही, असा त्या निकालाचा रोख. त्या मुलीचं नाव कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात छापलेलं आहे. मी ते लिहीत नाही, का ते पुढं कळेल.

प्रकरण तिथंच संपलं असतं. पण कायदा शिकवणाऱ्या चार मास्तरांनी तो निकाल वाचला. उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार दिल्लीचे, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार पुण्याचे. सप्टेंबर १९७९ मध्ये त्यांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता. भीतीनं गप्प बसणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, दोन वर्दीवाल्यांसमोर, एक गरीब मुलगी किती ओरडणार?

त्या पत्रानं देशभर बायका रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक तरतूद आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती हेच कोर्टानं गृहीत धरायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापणं गुन्हा झालं. म्हणून मी नाव लिहिलं नाही. चार शिक्षकांनी विद्यार्थ्याच्या नजरेनं एक निकाल वाचला म्हणून हे घडलं.

आता माझं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा बातमीचा इंट्रो कसा असावा हे शिकलो, मथळा शिकलो. पुराव्याचा कायदा उघडूनही पाहिला नाही. मग वीसेक वर्षं बेधडक लिहीत राहिलो, "आरोपीने दिली गुन्ह्याची कबुली". पोलिसांनी सांगितलं, मी छापलं. एकदा अशाच एका बातमीतला माणूस पुढं निर्दोष सुटला. त्याच्या बायकोनं मला रस्त्यात थांबवून एवढंच विचारलं, "भाऊ, सुटला ते कधी छापसान?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पकडल्याची बातमी पहिल्या पानावर होती, सुटल्याची कुठंच नव्हती.

त्यानंतर मी वाचायला बसलो. तेव्हा कळलं की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. इंग्रजांनीच १८७२ मध्ये तसं लिहून ठेवलं, कारण कबुली कशी काढली जाते हे त्यांना ठाऊक होतं. नव्या साक्ष कायद्यातही, २०२३ च्या, ते कायम आहे. मात्र एक सूट आहे. कोठडीतल्या आरोपीनं "कुऱ्हाड तिथं पुरली" असं सांगितलं आणि त्यावरून कुऱ्हाड खरंच निघाली, तर त्या सांगण्यातला तेवढाच भाग चालतो. आणि त्यानं तसं सांगितलं, कुऱ्हाड तिथूनच निघाली, हे कोर्टात कोण सांगणार? पंच!

आता कळलं ना, स्टँडवरच्या बाबांची सही केवढी मोठी होती? ते खरं बोलले तर खुनी अडकतो, आणि कुऱ्हाड आधीच ठेवलेली असेल तर निर्दोष सुटतो. कायदा म्हणतो की झडतीला त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला असावेत. म्हणजे गावातल्या साध्या माणसाच्या शब्दावर कायद्यानं एवढा मोठा भार टाकला. पण कागद वाचल्याशिवाय सही करू नये, हे त्याला दीडशे वर्षांत कुणी सांगितलं नाही. वर कोर्टात त्यालाच फितूर ठरवलं.

१ जुलै २०२४ पासून तिन्ही कायदे बदलले. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यायची आहे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं आहे. आपल्या गावात हे किती जणांना माहीत आहे? मी दहा जणांना विचारलं, दोघांना माहीत होतं. त्यातली एक ती पुस्तकवाली पोरगी.

अंतर कमी झालं नाही असं मी म्हणत नाही. अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकले, १९८५ मध्ये वकील झाले आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. त्यांच्या दारापूरचा रस्ता आपल्या वलगाववरूनच जातो. खापर्ड्यांना मुंबई, भाऊसाहेबांना इंग्लंड, गवईसाहेबांना अमरावती. शेवटचे दहा-बारा किलोमीटर तेवढे राहिलेत, अमरावती ते वलगाव.

ते काही फार महाग नाहीत. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात तिन्ही नव्या कायद्यांची मराठी पुस्तकं ठेवा. लॉ कॉलेजच्या पोरापोरींनी महिन्यातून एक रविवार गावात यावं आणि तीनच गोष्टी शिकवाव्यात: तक्रार कशी द्यायची, अटक झाली तर हक्क कोणते, पंचाची सही म्हणजे काय. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे ग्राउंडवर धावतात, त्यांनाही बसवा. उद्या पंचनामा तेच लिहिणार आहेत.

१९५६ च्या डिसेंबरात गाडगेबाबांनी शेवटचा श्वास इथंच, आपल्या पेढी नदीजवळ घेतला. ताटं विका पण पोरं शिकवा, असं आयुष्यभर सांगत फिरलेला माणूस. आपण दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला झाडू मारतो, फोटो काढतो, मीही छापतो. येत्या २० डिसेंबरला झाडून झालं की एक तास थांबू या का? ती पोरगी शिकवायला तयार आहे, मी विचारलं. पहिल्या रांगेत त्या बाबांना बसवायचं आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे.

कोण कोण येणार, खाली लिहा.